प्रकल्प नोंदी: नागपूरच्या महालातल्या शाळेची लॅब, अकरा संगणक आणि अडलेली अपडेट्स (जून २०२५)

वाचण्याआधी: कमांड आणि फोल्डरची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन लिपीतच टाकायची. एरर कोडच्या सुरुवातीचा ‘शून्य-एक्स’ गाळून पुढचे आठ आकडे दिले आहेत.

सोमवार, २ जून

विदर्भातल्या शाळा यंदा २३ जूनला उघडतात, त्यामुळे हातात तीन आठवडे आहेत. अकरा मशीन, आणि एकावरही गेल्या चार महिन्यांत अपडेट पूर्ण झालेलं नाही.

क्र. १ ते ६: डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, विंडोज १० (२२एच२ ही आवृत्ती).
क्र. ७ ते ९: छोटे लॅपटॉप, ४ जीबी रॅम, डिस्कऐवजी बोर्डवरच बसवलेली ३२ जीबी साठवण (ईएमएमसी). ७ आणि ८ वर २२एच२, ९ वर अजून जुनी १९०९ आवृत्ती.
क्र. १० आणि ११: उबुंटू २२.०४.

आज काहीही हटवलं नाही, फक्त मोजलं. प्रत्येक मशीनचा एरर कोड, प्रत्येक पार्टिशनचं (डिस्कच्या कप्प्याचं) आकारमान आणि मोकळी जागा वहीत लिहिली. याच कामाला लोक कंटाळतात, पण सगळं निदान यातच असतं. ‘डिस्क फुल’ असा संदेश आला तरी नेमकं कुठलं पार्टिशन भरलंय ते तो सांगत नाही. काही कोड तर जागेचा उल्लेखही करत नाहीत आणि मूळ कारण मात्र जागाच असतं.

क्र. १ ते ४ वर ८००७००७०. शेवटचे ७० हे हेक्स (सोळाच्या पटीतली मोजणी), म्हणजे साध्या मोजणीत ११२, आणि विंडोजच्या यादीत ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही. हा सरळ बोलणारा कोड. क्र. ५ आणि ६ वर ८००७०६४३ आला, हा फसवा आहे. ‘इन्स्टॉल करताना गंभीर चूक’ एवढाच त्याचा अर्थ.

सहाही डेस्कटॉपच्या एसएसडीवर १२० लिहिलंय, विंडोज मात्र १११.८ दाखवतं. यात चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्या १११.८ पैकी सी ड्राइव्ह ५९, डी ड्राइव्ह ५२.२, उरलेले लहान पार्टिशन. सी वर मोकळे १.१ ते २.८ जीबी, डी वर सरासरी ४४ जीबी. हा आकडा लाल शाईने लिहून ठेवला.

मंगळवार, ३ जून

क्र. ३ पूर्ण उघडून पाहिलं. कशाने किती जागा घेतलीय ते दाखवणारं विझट्री अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, म्हणजे ते फाइलींची मूळ सारणी थेट वाचतं आणि लपलेल्या फाइलीही मोजतं. साधं चालवलं तर दुसऱ्या युजरांची फोल्डर रिकामी दिसतात आणि हिशोब जुळत नाही.

सी वर सापडलेलं:

डाउनलोड्स फोल्डर, पाच युजर मिळून ९.२ जीबी. शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या पीडीएफ, एकाच व्हिडिओच्या चार-चार प्रती, सेटअप फाइली.
सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशनमधलं डाउनलोड फोल्डर (उतरलेली अपडेट इथे साठतात) ६.४ जीबी.
हायबरनेशनची फाइल (मशीन बंद करताना रॅममधलं काम इथे उतरवून ठेवतात) ३.२ जीबी, म्हणजे रॅमच्या बरोबर ४० टक्के.
ब्राउझर कॅश, पाच युजरांची मिळून ४.१ जीबी.
रिसायकल बिन १.७ जीबी.

क्रम असा ठरवला. जे विंडोज स्वतः पुन्हा बनवू शकतं ते आधी जाईल. मुलांच्या आणि शिक्षकांच्या फाइली सर्वांत शेवटी, आणि त्या हटवायच्या नाहीत, बाहेरच्या डिस्कवर हलवायच्या.

अर्धवट अपडेट काढताना कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी ‘नेट स्टॉप डब्ल्यूयूएयूसर्व्ह’, मग ‘नेट स्टॉप बिट्स’. त्यानंतर फक्त डाउनलोड फोल्डरच्या आतलं सगळं हटवलं आणि दोन्ही सेवा ‘नेट स्टार्ट’ने परत सुरू केल्या. शेजारच्या डेटास्टोअरला हात लावला नाही. ते पुसलं तर अपडेटचा इतिहास कोरा दिसतो आणि पुढच्या वेळी काय झालं होतं ते कळत नाही. हा ६.४ जीबीचा ढीग पडून राहिला, कारण दर महिन्याचं अपडेट उतरलं आणि जागेअभावी बसलं नाही. मासिक अपडेटमध्ये मागचं सगळं धरलेलं असतं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचे तुकडे ठेवून काही उपयोग नाही.

‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ दिलं आणि ३.२ जीबी त्याच क्षणी मोकळे झाले. यामुळे फास्ट स्टार्टअपही बंद होतं. एसएसडीवर त्याचा फरक जाणवत नाही, उलट शट डाउन केल्यावर मशीन खरोखर पूर्ण बंद होतं. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) जशी आहे तशीच ठेवली.

एक धोक्याची जागा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या यादीत ‘डाउनलोड्स’ हासुद्धा एक चौकोन असतो. मुळात त्याला टिक नसते, पण घाईत ‘सगळं निवडा’ केलं की मुलांचे फॉर्म गेले, आणि ते रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. लॅबच्या मॅडमना हा चौकोन प्रत्यक्ष दाखवला.

दिवसअखेर क्र. ३ वर १४.६ जीबी मोकळे. डाउनलोड्सना अजून हात लावलेला नाही.

गुरुवार, ५ जून

विनएसएक्सएस, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या घटकांचं कोठार. सहाही मशीनवर एक्सप्लोरर हे फोल्डर १० ते १२ जीबीचं दाखवतं आणि ते पाहून कोणाचाही हात डिलीटकडे जातो. क्र. ४ वर कोणीतरी तसा प्रयत्न केलेला दिसतो, आतल्या दोन फोल्डरची मालकी बदललेली आहे. नशिबाने हटवलं गेलं नाही.

हा आकडा फुगलेला असतो. एकच फाइल विनएसएक्सएसमध्ये आणि सिस्टिम-३२ मध्ये दोन नावांनी नोंदलेली असते, डिस्कवर मात्र एकदाच असते. एकाच माणसाचं नाव दोन मतदार याद्यांत असावं तसं, डोकी मोजली तर एकच. एक्सप्लोरर याद्या मोजतो. खरा आकडा हवा तर ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /अ‍ॅनालाइझकंपोनंटस्टोअर’. क्र. ४ चं उत्तर: एक्सप्लोररनुसार ११.३ जीबी, प्रत्यक्ष ८.१, त्यातले ५.२ विंडोजच्या वापरातच. म्हणजे काढण्याजोगं जे काही आहे ते उरलेल्या २.९ मध्येच. शेवटच्या ओळीत सफाईची शिफारस ‘येस’.

मग त्याच कमांडमध्ये शेवटी ‘स्टार्टकंपोनंटक्लीनअप’. क्र. ४ वर ती ८००एफ०८०६ देऊन थांबली, म्हणजे आधीचं काही काम रिस्टार्टची वाट पाहत लटकलेलं आहे. रिस्टार्ट करून पुन्हा दिली, १७ मिनिटं लागली, १.४ जीबी परत आले. टक्केवारी बराच वेळ २० वर थांबते. ती अडकलेली नसते, खिडकी बंद करू नये.

‘रिसेटबेस’ जोडलेलं नाही. त्याने आणखी थोडी जागा मिळते, पण मग आतापर्यंत बसलेली अपडेट काढून टाकता येत नाहीत. चार महिन्यांनी पहिल्यांदा अपडेट बसवणार असताना परतीची वाट बंद करणं चुकीचं.

दुपारी ३.१० ला वादळ आणि लाईन गेली. तेव्हा क्र. २ अपडेटच्या ३० टक्क्यांवर होतं. यूपीएसने सात मिनिटं धरलं, मग बंद. लाईन आल्यावर ‘बदल मागे घेत आहोत’ असं ४० मिनिटं चाललं आणि मशीन सुखरूप परत आलं. पाऊस स्थिरावेपर्यंत रिस्टार्टचं कुठलंही काम दुपारी १२ नंतर सुरू करायचं नाही.

शुक्रवार, ६ जून

क्र. २ वर सकाळी अपडेट पुन्हा लावलं आणि दर पाच मिनिटांनी सी ची मोकळी जागा लिहिली. सुरुवातीला १४.२ जीबी. डाउनलोड झाल्यावर १३.४. फाइली उलगडताना १०.६, ही सर्वांत खालची पातळी. रिस्टार्टनंतर ११.९. डाउनलोड पाऊण जीबीच्या आसपास असलं तरी मध्ये साडेतीन जीबीचा खड्डा पडतो, कारण मूळ पॅकेज, उलगडलेल्या फाइली आणि परत फिरण्यासाठी राखलेल्या जुन्या प्रती हे तिन्ही काही काळ एकत्र नांदतात. ‘एक जीबीचं अपडेट आहे, दोन जीबी मोकळे आहेत, मग का बसत नाही’ याचं उत्तर हे.

क्र. १ ते ४ अद्ययावत झाले. पण या मशीनवर रोज ४० मुलं बसणार आणि दोन-तीन महिन्यांत सी पुन्हा भरणार, हे उघड आहे. सफाईने मुदत मिळाली, दुखणं गेलेलं नाही.

सोमवार, ९ जून

क्र. ५ आणि ६, कोड ८००७०६४३. यांच्या सी वर सफाईनंतर १५ जीबी मोकळे असूनही तोच कोड.

‘रीएजंटसी /इन्फो’ दिलं. रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची सोय) चालू आहे आणि वेगळ्या लपलेल्या पार्टिशनवर आहे. ते पार्टिशन ५०५ एमबीचं, मोकळे जेमतेम ४०. अडत होतं ते इथे. जानेवारी २०२४ च्या केबी५०३४४४१ पासून हा प्रकार जगभर झाला: रिकव्हरीचं अपडेट बसायला त्या लपलेल्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे लागतात, आणि नसतील तर विंडोज जागेचं नाव न काढता हा भलताच कोड देतं. सी कितीही साफ केला तरी फरक पडत नाही.

मायक्रोसॉफ्टचा मार्ग असा की सी २५० एमबीने आक्रसायचा, जुनं रिकव्हरी पार्टिशन काढायचं आणि जोडलेल्या जागेत मोठं बनवायचं. करायला बसलो आणि डिस्क मॅनेजमेंटचा नकाशा पाहून थांबलो. सहाही डेस्कटॉपचा नकाशा एकच: सुरुवातीला बूटचं छोटं पार्टिशन, मग सी ५९ जीबी, रिकव्हरी अर्धा जीबी, आणि मग डी ५२.

म्हणजे सी चा श्वास कोंडलाय आणि पलीकडे डी वर ४४ जीबी रिकामे पडलेत, मध्ये रिकव्हरीची भिंत. विंडोज पार्टिशन वाढवतं ते फक्त लगेच उजवीकडे लागून असलेल्या मोकळ्या जागेत. डी कितीही आक्रसला तरी ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडंच राहणार. दुकानातून मशीन येतानाच सी आणि डी पाडून येते, ही जुनी रीत. विंडोज बिघडलं तर डी वरचं वाचेल, हा त्यामागचा विचार हार्ड डिस्कच्या काळात ठीक होता. १२० जीबीच्या एसएसडीवर तो उलटतो, कारण एसएसडी गेली तर सी आणि डी एकदमच जातात.

निर्णय: सहाही मशीनवर डी काढायचा, सी शेवटपर्यंत न्यायचा, रिकव्हरी सर्वांत शेवटी १ जीबीची. दोन्ही दुखणी एका कामात.

बुधवार, ११ जून

जूनचं अपडेट काल रात्री आलं. महिन्याचा दुसरा मंगळवार, तिकडची सकाळ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. आपल्यासाठी अपडेटचा दिवस बुधवारच धरावा.

क्र. ५ वर पार्टिशनचं काम. पायऱ्या जशा केल्या तशा:

आधी डी वरचं सगळं रोबोकॉपीने (विंडोजची कॉपीची कमांड) बाहेरच्या डिस्कवर, ‘/ई /आर:१ /डब्ल्यू:१’ आणि लॉग फाइलसह. लॉगच्या तळाशी ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य आहे ना ते पाहिलं. मग कुठल्या युजरचं डॉक्युमेंट्स फोल्डर डी कडे वळवलंय का, कुठला प्रोग्राम डी वर बसवलाय का हे तपासलं. क्र. ५ वर काही नव्हतं. (क्र. ४ वर मराठी टायपिंगचा सराव प्रोग्राम डी वर आहे, तो नंतर पुन्हा बसवावा लागेल.)

बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद असल्याची खात्री. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘रीएजंटसी /डिसेबल’. ही कमांड विनआरई.विम ही फाइल पार्टिशनमधून काढून विंडोजच्या सिस्टिम-३२ मधल्या रिकव्हरी फोल्डरमध्ये आणून ठेवते. ती तिथे आली का हे डोळ्याने पाहिल्याशिवाय पार्टिशन हटवायचं नाही. फाइल लपलेली असते, ‘डीआयआर /ए’ दिलं की दिसते. क्र. ५ वर दिसली. ती नसेल आणि पार्टिशन गेलं तर रिकव्हरी परत मिळवायला विंडोजच्या आयएसओमधून फाइल उकरावी लागते.

मग डिस्कपार्ट, विंडोजचं पार्टिशनचं साधन. ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क ०’, ‘लिस्ट पार्टिशन’. बाहेरची डिस्क इथे काढून ठेवलेली होती, म्हणजे चुकूनही ती निवडली जाणार नाही. डी निवडून ‘डिलीट पार्टिशन’. रिकव्हरी निवडून ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’, हिला ओव्हरराइडशिवाय नकार मिळतो. सी निवडून ‘एक्स्टेंड’, आणि लगेच ‘श्रिंक डिझायर्ड=१०२४’. म्हणजे आधी सगळं घ्यायचं आणि शेवटचा एक जीबी परत सोडायचा, आकडेमोड करत बसावं लागत नाही.

त्या एक जीबीत ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, आयडी डीई९४बीबीए४-०६डी१-४डी४०-ए१६ए-बीएफडी५०१७९डी६एसी. पुढे ‘जीपीटी अ‍ॅट्रिब्यूट्स’, किंमत शून्य-एक्स, मग ८, मग चौदा शून्यं, मग १. शून्यं बोट ठेवून मोजावीत. मग ‘फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस’, एक्झिट, ‘रीएजंटसी /एनेबल’. शेवटी ‘/इन्फो’ने खात्री: चालू, नवीन पार्टिशनवर.

सी आता ११०.७ जीबी, मोकळे ६६. जूनचं अपडेट पहिल्याच फटक्यात बसलं, ८००७०६४३ गेला.

गुरुवार, १२ जून

क्र. ६, १, २, ३. क्र. ६ ची डिस्क पार्टिशन नोंदवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची निघाली, बाकीच्या नव्या जीपीटी पद्धतीच्या. तिथे तो लांबलचक आयडी चालत नाही, ‘आयडी=२७’ एवढंच द्यायचं आणि जीपीटीची ओळ गाळायची. बाकी तसंच. दर मशीनला ५० मिनिटं, त्यातली ३५ कॉपीची.

क्र. ४ उद्या, टायपिंगच्या प्रोग्रामसह.

शनिवार, १४ जून

क्र. ४ काल झालं. आज लॅपटॉप, आणि इथे गणित वेगळं आहे. ३२ जीबीचे विंडोज २९ मोजतं, त्यात कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन साडेचार जीबीचं. सी उरला २४. इथे पलीकडे रिकामी जागाच नाही.

क्र. ७ आणि ८: हायबरनेशन बंद (बॅटरी संपताना काम वाचवण्याची सोय जाते, मॅडमना सांगितलं). ‘कॉम्पॅक्ट /कॉम्पॅक्टओएस:ऑलवेज’ने विंडोजच्या फाइली दाबून ठेवल्या, ३५ मिनिटं, मिळाले १.९ जीबी. ऑफिसचे तीनपैकी दोन प्रोग्राम काढले. ६ जीबी मोकळे करून अपडेट बसलं, पण जेमतेम.

क्र. ९ वर १९०९. या आवृत्तीच्या होम-प्रोचा आधार, म्हणजे कंपनीकडून अपडेट मिळणं, मे २०२१ मध्येच संपला. विंडोज १० ची ‘२००४’ क्रमांकाची किंवा पुढची आवृत्ती असती तर २२एच२ हे छोटंसं पॅकेज असतं, १९०९ वरून मात्र पूर्ण विंडोज नव्याने बसावं लागतं आणि जुनं विंडोज.ओल्ड म्हणून दहा दिवस राहतं. २४ जीबीत ही दोन बिऱ्हाडं राहत नाहीत. सेटअप बाहेरचा पेनड्राइव्ह मागतो, त्यात १० जीबी मोकळे हवेत. तो बर्डीच्या बाजारातून आणून दोन तास दिले, ८१ टक्क्यांवर मागे फिरलं. दुसऱ्यांदा करून पाहिलं नाही. ३२ जीबीच्या मशीनवर जुन्यावर नवं चढवण्यापेक्षा कोरं विंडोज टाकण्यात वेळ आणि जागा दोन्ही वाचतात.

त्याआधी ड्रायव्हर (वायफायसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) काढून घेतले: ‘डिझम /ऑनलाइन /एक्सपोर्ट-ड्रायव्हर /डेस्टिनेशन’ आणि पुढे पेनड्राइव्हचा पत्ता. स्वस्त लॅपटॉपमध्ये कोऱ्या विंडोजला वायफाय आणि टचपॅड बहुतेक वेळा सापडत नाहीत, आणि वायफाय नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही. सेटअपमध्ये सगळी पार्टिशन काढली, साडेचार जीबी तिथेच परत मिळाले. लायसन्स कीची गरज पडली नाही, मशीन इंटरनेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. सी २८.४, मोकळे १३.

हेच ७ आणि ८ ला करायचं होतं. पुढच्या सफाईआधी करणार.

मंगळवार, १७ जून

उबुंटू. क्र. १० वर ‘डीएफ -एच’: रूटवर (मुख्य पार्टिशनवर) ६१ जीबी मोकळे, /बूट ५०० एमबी, १०० टक्के भरलेलं. पुन्हा तीच गोष्ट, जागा भिंतीपलीकडे. प्रत्येक कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) सुरू होताना लागणारी इनिटआरडी फाइल इथे शंभरेक एमबीची, चार कर्नल जमले की संपलं.

इथली गाठ अशी की नवीन कर्नल अर्धवट बसलेला, म्हणून ‘एपीटी’ (उबुंटूत प्रोग्राम बसवणारी कमांड) पुढचं काहीच करत नाही. जुने कर्नल काढायचं ‘ऑटोरिमूव्ह’सुद्धा नाही, कारण त्यालाही आधीचं अर्धवट काम पुरं करायचं असतं आणि त्याला जागा लागते. गाठ हाताने सोडवावी लागते. ‘यूनेम -आर’ने सध्या चालू कर्नल पाहिला, त्याला हात नाही. सर्वांत जुन्या कर्नलची एकच इनिटआरडी फाइल होम फोल्डरमध्ये हलवली, हटवली नाही. १०० एमबी मोकळे झाले. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, आणि आता कुठे ‘एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चाललं. दोन कर्नल गेले, /बूट ५४ टक्के. हलवलेली फाइल रिस्टार्ट नीट झाल्यावरच पुसली.

क्र. ११ वर रूट भरलेलं. ‘डीएफ’ (डिस्कचा हिशोब) ९८ टक्के म्हणतं, ‘डीयू’ची (दिसणाऱ्या फाइलींची) बेरीज मात्र ९ जीबीने कमी. ‘एलएसओएफ +एल१’ दिल्यावर कळलं: हटवलेली एक लॉग फाइल छपाईच्या सेवेने अजून उघडी धरली होती. सेवा रिस्टार्ट केल्यावर ९ जीबी सुटले. जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) ‘--व्हॅक्यूम-साइझ=२००एम’ने कमी केलं, स्नॅपच्या (उबुंटूच्या प्रोग्राम-पॅकेजच्या) जुन्या आवृत्त्या दोनच ठेवायला सांगितल्या.

शुक्रवार, २० जून

अकराही अद्ययावत. मोकळी जागा: १ ते ६ वर ५८ ते ६६ जीबी, ७ आणि ८ वर ५ च्या आत-बाहेर, ९ वर १२, उबुंटू दोन्ही ठीक.

डेस्कटॉपवर स्टोरेज सेन्स (विंडोजची आपोआप सफाई) दर महिन्याला, रिसायकल बिन ३० दिवस, डाउनलोड्स ‘कधीच नाही’. डाउनलोड्सची सफाई माणसानेच करायची, मॅडम दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर हलवतील. त्या डिस्कवर जुन्या डी ची प्रत आहे, ती ३१ ऑगस्टपर्यंत पुसू नये.

विंडोज १० च्या आधाराची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी डिस्क लागते, त्यामुळे ७, ८, ९ तिथे कधीच जाणार नाहीत. त्यांच्यासाठी हलकं लिनक्स, दिवाळीच्या सुट्टीत. डेस्कटॉपचं प्रोसेसर आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) विंडोज ११ ला चालतात का ते अजून तपासायचं आहे.

पुढचं अपडेट ८ जुलैला रात्री. ९ जुलैला सकाळी ९ वाजता ७ आणि ८ आधी उघडायचे, अपडेट सुरू करण्याआधी सी ची मोकळी जागा वहीत लिहायची, आणि ५ जीबीच्या खाली असेल तर तिथेच थांबून कोरं विंडोज टाकायचं. क्र. ९ चे ड्रायव्हर असलेला पेनड्राइव्ह कपाटाच्या वरच्या खणात आहे.